गोडाऊनच्या फोनवरून एकशे आठ

शनिवार, १४ जून. गुम्मिडिपूंडी, कारखान्याचं कँटीन. दुपारची ताटं उचलल्यानंतर.

हजर: फॅक्टरी मॅनेजर. पर्सोनेलचे दोघे. गोडाऊनची सेल्वी. गेटवरचा मुरुगेसन. पहिल्या पाळीतली माणसं, सगळी उभी, कारण बाकं भिंतीला सरकवली होती. तुझा भाऊ रामोजी, पांढऱ्या सदऱ्यात, पुढे एकट्यासाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. चेन्नईच्या हेड ऑफिसकडून मी, इतिवृत्त लिहायला.

विषय एकच: टेलिफोन ऑपरेटर वत्सलाबाई यांना श्रद्धांजली.

इतिवृत्त मी लिहिलं, अक्का. पानभर झालं, स्वच्छ झालं, सोमवारी फाइलला लागेल. पण त्यात जे बसत नाही ते फार आहे, आणि ते पोटात ठेवून मला परत मांबलमपर्यंत जाता येईना. म्हणून हे वेगळं, तुला.

पहिलं म्हणजे, मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तू गोडाऊनमध्ये पडलीस, तिथेच भिंतीला टेलिफोन होता, आणि त्यावरून ॲम्ब्युलन्सचा एकशे आठ लागला नाही, कारण तो फोन बाहेरच्यासाठी बंद केलेला होता. बंद कोणी केला? तू. आपल्या हातांनी. ज्यांच्यावर रागवायचं त्यांची यादी मी केलीय आणि त्यात तुझ्या वर बरीच नावं आहेत. पण तुझं आहे. ते मला खोडता येत नाही.

मॅनेजर बोलायला उभे राहिले. "वत्सलाम्मा म्हणजे शिस्त," ते म्हणाले. "लेखी परवानगीशिवाय त्यांनी कोणाला बाहेरची लाईन दिली नाही. मलासुद्धा नाही." माणसं हळूच हसली, आदराने. रामोजीने मान हलवली. मी इतिवृत्तात "शिस्त" एवढाच शब्द लिहिला. 

मग दोन मिनिटं मौन. त्यात मॅनेजरांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो काढला, पाहिला, आणि "हं, बोला" म्हणत दारापर्यंत गेले. बाकी कोणाचा वाजायचा प्रश्नच नव्हता. बाकीच्यांचे गेटवर, लाकडी खणांत, नंबर लावून.

तुला हे सांगायला नको, पण मला सगळं क्रमाने मांडायची सवय आहे, आणि क्रम लावल्याशिवाय हा राग नीट दिसणारही नाही.

फोनवर बोलता बोलता यंत्रात एकाचं बोट गेलं, तेव्हापासून मोबाइल गेटवर ठेवायचे, असा नियम झाला. योग्यच होता. मग माणसं भिंतीवरच्या फोनांवरून घरी बोलायला लागली. ओडिशाची, बिहारची, कोणाची बायको बाळंत, कोणाच्या आईला ताप. मॅनेजरांना फोन सारखे गुंतलेले दिसायला लागले. नवं एक्स्चेंज बसलं तेव्हा त्यांनी हुकूम काढला: कारखान्यातले सगळे फोन आतल्या आत. बाहेर बोलायचं असेल तर नऊ दाबा, ऑपरेटरला कारण सांगा, ती लावून देईल.

काम तुझं. प्रत्येक फोनला एक वर्ग असतो. पहिल्याला सगळं खुलं, मधल्याला गावातलं, शेवटच्याला फक्त आतलं. तू दिवसभर कन्सोलपुढे बसून एकेक फोन शेवटच्या वर्गात टाकलास. मला म्हणालीस, "शाळेंत एकेकाला उठवून मागच्या बाकावर बसवत्यें तसं वाटलं गे." तुला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? लोकांनी नऊ दाबायचं, तू "कां? कोणाला? किती वेळ?" विचारायचीस, आणि वेळ झाली की मध्येच शिरायचीस, आपल्या त्या हिंदीत: "बस रे बाबा, अम्मा को बोलो कल बात करेगा." खाली कँटीनमध्ये तुझी नक्कल करायचे सगळे. आणि त्या सगळ्यांच्या आयांची नावं तुला पाठ होती, हेही खोटं नाही. एखादीचा आवाज बसलेला वाटला तर तू वेळ संपल्याचं विसरायचीस आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पोराला बोलावून औषधाचं विचारायचीस.

जुन्या एक्स्चेंजमध्ये एकशे आठ कुठूनही लागायचा. नव्यात तो आपोआप येत नाही. शेवटच्या वर्गाला मुद्दाम, वेगळा उघडून द्यावा लागतो. हे मला कोणी सांगितलं? तूच.

शुक्रवारी मी कारखान्यात यायचे, तेव्हा आपला प्रवास एकत्र असायचा. मांबलमहून लोकलने पार्क स्टेशन, तिथून रस्ता ओलांडून गुम्मिडिपूंडीची गाडी. खिडकीची जागा तुझी. डब्यात उडदाचं डांगर, आणि त्यावरून दर शुक्रवारी तोच वाद, की डांगर आमचं खरं की तुमचं. तुमचे पूर्वज तंजावरला आले तेव्हा घेऊन आले ते खरं, आम्ही मागे राहिलेल्यांनी ते बिघडवलं, असं तुझं मत होतं. मराठीबद्दलही तेच मत. "तुमची मराठी म्हणजे निम्मी हिंदी," म्हणायचीस, आणि पुढच्याच वाक्यात चार तमिळ शब्द घालायचीस.

हुकमानंतरच्या शुक्रवारी तू पेरूला मीठ लावत म्हणालीस, "एकशे आठ पण मागच्या बाकावर गेला गे."

"मग उघड की."

"चिठ्ठी आण, उघडून देत्यें."

"अक्का, अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"अर्ध्या मिनिटाचं असो कीं अर्ध्या दिवसाचं असो. हुकमांत लिहिलंय कां? नाही. सही आहे कां? नाही. मग मी कोण उघडणार?"

"आणि कोणाला काही झालं तर?"

"तर नऊ दाबतील. मी आहें की."

"तू जेवायला गेलेली असलीस तर?"

"मी डबा कन्सोलपुढे खात्यें. ठाऊक असून विचारत्येस."

एन्नोर आलं. तू पदर नाकाला लावलास आणि वाद थांबला. एन्नोरला आपला कुठलाही वाद थांबायचा. त्या वासात तोंड उघडायची सोयच नसायची. पलीकडे हवा जरा सुधारली तसा तू पदर काढलास आणि म्हणालीस, "कन्सोलला तुमच्या शुद्ध मराठींत काय म्हणतात तें आधी सांग. मग मला अक्कल शिकव."

मी हसले. समोरची मासळीवाली बाई आपल्याकडे बघून हसली, तिला काही कळलं नसताना.

सोमवारी मी मॅनेजरांना मेल केली. एका ओळीचं उत्तर आलं: आणीबाणीसाठी ऑपरेटर उपलब्ध आहे, पुढच्या ऑडिटच्या वेळी पाहू. मी आठवण केली. पुन्हा केली. उत्तर तेच. तुला दाखवलं तर तू चक्क खूश झालीस. "ऑपरेटर उपलब्ध आहे," तू मोठ्याने वाचलंस. "नाव लिहिलं नाही, पण ती मीच कीं नाही?"

तूच. एवढ्या मोठ्या कारखान्याचं बाहेर जायचं दार म्हणजे एक बाई, आणि त्या बाईला त्याचा अभिमान. मॅनेजरांना ते स्वस्तात पडलं. मला त्याही वेळी चीड आली होती, पण तुझ्या तोंडावरचा आनंद बघून मी विषय सोडला.

तुला ही शिस्त शिकवली कोणी? तो विषय आपण दोघींनी कधी काढला नाही. आज काढते.

मी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले, हेड ऑफिसात लागले, त्याच सुमारास बाबा तिकडे इस्पितळात होते. माझ्या टेबलावरचा फोन गावाबाहेर जायचा नाही, आणि परवानगी देणारे साहेब दौऱ्यावर. तेव्हा हेड ऑफिसात ऑपरेटरची वेगळी खोली होती आणि त्या खोलीत तुझं राज्य. मी दारात येऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्हाला वेळ आहे का?"

तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. "नंबर सांग. आणि तुम्ही म्हणूं नको गे, आमच्यांत तो मान सासूला." मग माझा फोन उघडलास आणि म्हणालीस, "टेबलाशीं जाऊन बोल. इथे सगळे ऐकतात."

बाबांनी विचारलं, तिकडचा भात पचतो का. मी म्हटलं पचतो. त्यांनी विचारलं, मराठी बोलायला कोणी आहे का तिथे. मी म्हटलं, आहे एक, पण तिची मराठी भलतीच आहे. ते हसले. हसता हसता खोकले. मग आणखी काय काय बोललो आम्ही, खूप वेळ. तू मध्ये शिरली नाहीस. त्याच आठवड्यात ते गेले.

महिनाअखेरीच्या प्रिंटमध्ये तो कॉल निघाला आणि तुला मेमो मिळाला. विनापरवाना सुविधा खुली केल्याबद्दल. मी साहेबांकडे जायला उठले, तर तू माझा हात धरून मला खाली बसवलंस. "तू बोललीस ना बापाशीं? झालं. पोदुम." पुरे, म्हणजे.

पण तुझ्यापुरतं ते झालं नव्हतं. त्या दिवसापासून तू चिठ्ठीशिवाय काही उघडलं नाहीस. पुढे हेड ऑफिसात सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, ऑपरेटरची खोली मोडली आणि तुला गुम्मिडिपूंडीला पाठवलं, तेव्हा तू ती सवय बरोबर घेऊन गेलीस. मी कितीदा तुला कडक म्हटलं, हट्टी म्हटलं, एकदा रागात सरकारी कचेरी म्हटलं. तू एकदाही म्हणाली नाहीस की बाई गं, तुझ्याचमुळे. मीही म्हटलं नाही की माहीत आहे मला.

आता सांग, अक्का, मी कँटीनमध्ये उभी राहून "शिस्त" हा शब्द कसा ऐकू? माणुसकी केली तेव्हा मेमो. मेमो पाळला तेव्हा श्रद्धांजली. याच कंपनीने तुला धडा दिला, तू तो पाठ केलास, आणि आता हेच तुझ्या पाठांतराचं कौतुक करतात.

तू पडलीस त्या दिवशीचं मला सेल्वीने सांगितलं. मला तिच्याशी बोलायला गोडाऊनच्या मागे जावं लागलं, कारण पर्सोनेलने तिला सांगितलं होतं की या विषयावर फार बोलू नको.

तुझ्या रिसीव्हरची वायर पीळ पडून पडून तुटायला आली होती. नवी घ्यायला तू गोडाऊनला गेलीस, हातात सही केलेली चिठ्ठी घेऊन. स्वतःच्या वायरीसाठीसुद्धा. चिठ्ठी काउंटरवर ठेवलीस आणि म्हणालीस, "सेल्वी, तण्णी." ती पाण्यासाठी वळली, आणि परत वळली तोवर तू खाली.

तिने भिंतीवरचा फोन उचलला. एकशे आठ. एंगेज टोन. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज टोन. मग तिने तेच केलं जे तू तिला आणि सगळ्यांना घोकून घोकून शिकवलं होतंस. नऊ दाबलं. रिकाम्या खोलीत तुझ्या टेबलावर घंटा वाजायला लागली.

"मी कान लावून उभी होते," सेल्वी म्हणाली. "अम्मा माझ्या पायाशी पडल्या होत्या, आणि मला वाटत होतं, आता अम्मा उचलतील."

ती स्वतःलाच मूर्ख म्हणत होती. मी तिला म्हटलं, खबरदार पुन्हा तसं म्हणालीस तर. तू सांगितलेलं केलंस. मूर्खपणा दुसऱ्या कोणाचा आहे.

मग ती गेटकडे पळाली. अख्खा कारखाना ओलांडून. मुरुगेसनच्या केबिनमधला फोन खुला होता. का? लॉऱ्या कुठवर आल्यात ते विचारायला लागतो म्हणून. लॉरीसाठी खुला. लोखंडाच्या पट्ट्या वेळेवर याव्यात म्हणून खुला. माणसासाठी शेवटचा वर्ग.

ॲम्ब्युलन्स आली, तुला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर कदाचित. पण नक्की सांगता येत नाही. त्या "सांगता येत नाही"ला मॅनेजर धरून बसलेत. भेटतील तिथे मला ऐकवतात: डॉक्टरांनाच सांगता येत नाही, मॅडम. मलाही मान्य आहे, सांगता येत नाही. पण ज्याला सांगता येत नाही त्याला निदान झोप लागू नये. यांना लागते. चेहऱ्यावर दिसतं.

सभा संपल्यावर चहा आला. मी घरून कागद टाइप करून आणला होता. सगळ्या फोनांवरून एकशे आठ खुला करण्यास परवानगी. मॅनेजरांच्या कपाशेजारी ठेवला.

"आज? अशा प्रसंगी?"

"अशाच प्रसंगी, सर."

"मेल करा ना, मॅडम."

"मेल केलेली आहे. आठवणीही केल्यात. प्रिंट काढून मागे जोडल्यात."

"ठीक आहे, ऑडिटच्या वेळी आपण हा मुद्दा..."

"रामोजीराव इथेच बसलेत, सर. ऑडिटचं तुम्ही त्यांना समजावून सांगता का?"

मॅनेजरांनी तुझ्या भावाकडे पाहिलं. रामोजीच्या हातात चहा तसाच होता, साय धरलेला. तो माझ्याकडे बघून बोलला, तुझ्याच मराठीत, तुझ्याच त्या हेलात: "सही घेऊन टाक गे. अक्काला चिठ्ठी लागत्ये."

"काय म्हणाले?" मॅनेजरांनी विचारलं.

"सही करा म्हणाले."

त्यांनी केली. पर्सोनेलच्या माणसाकडून मी शिक्का मारून घेतला आणि शाई वाळेपर्यंत त्याच्या टेबलाशी उभी राहिले.

मग सेल्वीला घेऊन तुझ्या खोलीत गेले. खुर्चीच्या पाठीवर तुझा तो तपकिरी स्वेटर आहे, एसीसाठीचा. कन्सोलपुढे डब्याच्या बुडाचा गोल डाग. रिसीव्हरची तीच तुटकी वायर. नवी सेल्वीने नंतर काढून गोडाऊनच्या काउंटरवर तुझ्या चिठ्ठीखाली ठेवली होती. ती मात्र तिने धावत जाऊन आणली आणि लावली.

प्रोग्रॅमिंगमध्ये शिरायला पासवर्ड लागतो. तो तुझ्याशिवाय कोणाकडे नव्हता. मॅनेजरांनी एकदा मागितला होता तर त्यांनाही तू म्हणाली होतीस, चिठ्ठी आणा. सेल्वीने तुझी जन्मतारीख सुचवली. चुकली. मी तुझ्या गल्लीतला घर नंबर टाकला. चुकला. मग मॅनेजर स्वतः आले आणि त्यांनी कंपनीच्या स्थापनेचं साल टाकलं. ते तू ठेवणार नाहीस हे मी शपथेवर सांगितलं असतं. यंत्राने आम्हा तिघांनाही बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. आता ज्यांनी एक्स्चेंज बसवलं त्यांचा माणूस यायला हवा. त्याला तिथूनच फोन केला. "या आठवड्यात जमवतो, मॅडम." मी म्हटलं, सोमवार. तो म्हणाला, बघतो.

तोवर मी हात बांधून बसलेले नाही. आणखी एका सहीने सेल्वीचा मोबाइल गोडाऊनच्या कपाटात ठेवायची परवानगी घेतलीय. प्रत्येक फोनच्या वर तमिळ आणि हिंदीत कागद चिकटवलाय: जिवावरचं असेल तर गेटच्या केबिनचा हा नंबर. मुरुगेसनला बजावलंय की केबिन सोडून हलायचं नाही. नऊवर सध्या पर्सोनेलमधली एक मुलगी बसते. ती डबा खायला कँटीनला जाते. जाऊ दे. तो तिचा हक्क आहे, आणि तुझाही होता.

निघण्याआधी मी एकटी गोडाऊनला गेले. भिंतीवरचा फोन उचलला, एकशे आठ दाबला. एंगेज टोन. ठेवला.

परतीच्या गाडीत एन्नोर आलं तेव्हा मी पदर नाकाला लावला आणि माझ्या लक्षात आलं की थांबवायला वादच नाही.

अक्का, चिठ्ठी आणलीय. तुला हवी तशी: काय उघडायचं ते, कारण, सही, शिक्का, तारीख. काही कमी नाही. साताऱ्याच्या वेळी तू यातलं एकही मागितलं नव्हतंस. तू पोदुम म्हणालीस म्हणून मी तेव्हा पुढे काही बोलले नाही, आणि ते बोलणं तसंच राहून गेलं. हे दुसरं तरी राहू देणार नाही.

सोमवारची यादी, सगळ्यांत वर: गोडाऊनच्या फोनला एकशे आठ उघडून घेणे, उघडल्यावर स्वतः तिथे उभं राहून लावून पाहणे. अजून बाकी.